जुन्या ज्वालामुखी भागातल्या खाणींतून लोहाच्या ऑक्साइडांचे नमुने गोळा करायचे आहेत, सुरुवात कशी करू?

आधी एक विनंती: बोगद्यात शिरू नका. ज्वालामुखी प्रदेशात जमिनीतून येणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी साचतो आणि त्याला वासही नसतो. मालकाची परवानगी घ्या आणि बाहेर टाकलेले दगडांचे ढीग धुंडाळा. चांगले नमुने तिथेही मिळतात.

ढिगात सच्छिद्र, लालसर-काळा लाव्हा शोधा आणि त्याची प्रत्येक पोकळी दहापट भिंगातून बघा. खरी गंमत तिथे आहे. ज्वालामुखीच्या वायूंत लोहाचे क्लोराइड असते. तप्त वाफेशी संयोग होऊन त्याचे हेमॅटाइट, म्हणजे लोहाचे एक ऑक्साइड खनिज, बनते आणि ते वायूतून थेट पोकळीच्या भिंतीवर जमते. म्हणून हे स्फटिक आरशासारखे लखलखीत आणि कमालीचे पातळ पत्रे असतात. व्हेसुव्हियस, एटना आणि जर्मनीतला आयफेल प्रदेश यासाठी प्रसिद्ध आहेत.

ओळखायला कस, म्हणजे घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग, बघा. हेमॅटाइट काळे दिसत असले तरी चकाकी नसलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासल्यावर रेघ लालच उमटते. मॅग्नेटाइट आणि गोथाइट ही लोहाचीच दुसरी खनिजे: मॅग्नेटाइटची रेघ काळी, गोथाइटची पिवळट तपकिरी. लोहचुंबकाला जोरात चिकटले तर मॅग्नेटाइट.

पण आकार मॅग्नेटाइटचा, आठ बाजूंचा, आणि रेघ लाल, असा खडा मिळाला तर जपून ठेवा! तो मार्टाइट: मूळच्या मॅग्नेटाइटचे ऑक्सिडीकरण होऊन हेमॅटाइट झाले, बाह्य आकार मात्र तसाच राहिला. मेक्सिकोतल्या दुरांगोजवळच्या सेरो दे मेर्कादो खाणीत तो पिवळ्या ॲपेटाइट या खनिजाच्या सोबतीने मिळतो. अर्जेंटिनातल्या पायुन मात्रू ज्वालामुखीवरचे असे स्फटिक तर संग्राहकांच्या विशेष आवडीचे.

माझा आग्रह एकच, स्फटिक दगडापासून सुटा करू नका. तो कुठल्या पोकळीत, कशाच्या शेजारी वाढला हे त्या दगडावरच वाचता येते; सुटा पत्रा नुसताच चमकतो. छिन्नी पोकळीपासून लांब ठेवा, छोटा तुकडा मिळाला तरी चालेल. आम्लाने धुऊ नका. ऑक्झॅलिक आम्ल गंजाचा थर काढते, पण हेमॅटाइटची चकाकीही खाते. ध्वनिलहरींच्या कंपाने धुणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात नाजूक पत्रे तुटतात. मऊ ब्रश आणि हवेचा फुगा पुरतो. खाण, ढिगाची जागा आणि तारीख तिथेच उभ्या उभ्या चिठ्ठीवर लिहून तुकड्याबरोबर गुंडाळा. घरी येईपर्यंत सगळे काळे दगड सारखेच दिसू लागतात.