भाचा 17 वर्षांचा आहे, नागपूर फुटबॉल लीग खेळतो. एजंट युरोपातल्या ट्रायलसाठी अडीच लाख मागतोय. देशोदेशी खेळून करिअर होतं का?

होतं. पण अडीच लाख देऊ नका, भाऊ. फिफाच्या नियमाने 18 वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशात नोंदणीच होत नाही. आईवडील फुटबॉल सोडून वेगळ्या कारणाने तिकडे राहायला गेले, असे मोजके अपवाद आहेत. 16 ते 18 वयाची सवलत युरोपीय संघ आणि त्याच्या आर्थिक क्षेत्रातल्या देशांत आपसात बदली होणाऱ्यांना आहे, नागपूरहून जाणाऱ्याला नाही. एजंटने हे सांगितलं नसेल तर त्याला नियम माहीत नाही किंवा तो लपवतोय.

आता दुसरी गोष्ट. नागपुरात मोतीबागेपासून कामठीपर्यंत कुठल्याही मॅचला एक वाक्य ऐकू येतं, "आपल्या पोट्ट्यांत दमच नाही." साफ चूक आहे. 2009 मध्ये सुनील छेत्रीचा इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी तीन वर्षांचा करार झाला होता. क्लबला तो हवा होता. ब्रिटनने वर्क परमिट नाकारलं, कारण भारत फिफा क्रमवारीत पहिल्या 70 मध्ये नव्हता. दम होता, अडलं कागदावर. पुढे तो 2010 मध्ये अमेरिकेत कॅन्सस सिटीकडे आणि 2012 मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंगच्या ब संघात गेला. गोलकीपर गुरप्रीत सिंग संधू 2014 मध्ये नॉर्वेच्या स्टाबेककडे गेला आणि 2016 मध्ये युरोपा लीगच्या पात्रता फेरीचा सामना खेळला. म्हणून देश निवडताना लीगच्या नावाआधी परमिटचा नियम बघा.

आणि कागदाचा घोळ आपल्याकडेच सुरू होतो. पोरगं 12 वर्षांचं असताना क्लब त्याला एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या ऑनलाइन नोंदणीत, टाकत नाही, टूर्नामेंटच्या यादीत नाव घातलं की काम संपलं. परदेशी बदलीला आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर सर्टिफिकेट लागतं. आधार आणि पासपोर्टवरच्या नावाचं स्पेलिंग जुळत नाही, जन्मतारीख वेगळी, जुन्या क्लबचा करार सीआरएसमध्ये अजून चालूच. सर्टिफिकेट अडकतं, ट्रान्सफर विंडो (बदलीची ठरलेली मुदत) बंद होते, हंगाम बुडतो. सराव करता येतो, अधिकृत सामना नाही.

नुकसान क्लबचंही होतं. करार चालू असताना नव्या क्लबने फी देऊन परदेशी बदली झाली, तर फीच्या 5 टक्के रक्कम घडवणाऱ्या क्लबांना वाटली जाते: 12 ते 15 वयाच्या प्रत्येक हंगामाला 0.25 टक्के, 16 ते 23 ला 0.5 टक्के. एक कोटीच्या बदलीत चार कोवळी वर्षं सांभाळणाऱ्या कामठीच्या क्लबला लाखभर मिळू शकतात. नोंदच नसेल तर हक्क सिद्ध कसा करणार? हे मी क्लबवाल्यांना सांगत आलोय.

करारात पगाराची तारीख, घर, तिकीट आणि दुखापतीचा विमा लिहून घ्या. "मेडिकल पास झाल्यास करार लागू" ही अट फिफाच्या नियमात बसत नाही. दोन महिन्यांचा पगार थकला तर लेखी नोटीस देऊन 15 दिवस थांबायचं, मग करार मोडता येतो. त्याआधी रागाने विमान पकडलं तर भरपाई खेळाडूच्याच अंगावर येते.

दहावी मात्र पास करून घ्या. नाहीतर पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीआधी तपासणी आवश्यक) असा शेरा येतो आणि आखाती देश किंवा मलेशियात नोकरीवर जाताना सरकारी मंजुरी लागते. भारताचा माजी कर्णधार बायचुंग भुतिया 2003 मध्ये मलेशियाच्या पेराककडून खेळला होता, म्हणजे आपल्या खेळाडूंसाठी तो रस्ता खरा आहे.

सगळे एजंट लबाड नसतात, हेही खरं. फिफाच्या परवानाधारकांच्या यादीत तुमच्या एजंटचं नाव शोधा. निमंत्रणपत्र आलंच, तर क्लबच्या वेबसाइटवरच्या ईमेलवर स्वतः विचारून खात्री करा.