पेन्शनवरच्या बतावणीविषयी तरुण मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली बतावणी, म्हणजे तमाशातला राजा आणि शिपायाचा विनोदी प्रवेश, दोनदा वाचली. जुन्या पेन्शनसारखा रुक्ष वाटणारा विषय तुझ्या वयाच्या कोणाला फडावर आणावासा वाटतो, याचा मला मनापासून आनंद झाला. संवाद खटकेबाज आहेत आणि शिपायाची भाषा अस्सल आहे. तरीही हा खर्डा आहे तसा प्रयोगाला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यातला खलनायक चुकला आहे.

तरुणांच्या ताटातले ओढून खाणारा निवृत्त बाबू तू रंगवला आहेस. पण मार्च २०२३ मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' अशी घोषणा देत आठवडाभर संपावर गेलेले लाखो कर्मचारी निवृत्त नव्हते. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत रुजू झालेल्यांना शेवटच्या पगाराच्या निम्मे आणि महागाईबरोबर वाढत जाणारे निवृत्तिवेतन मिळणार नाही, असे ठरले होते. पगारातून कापलेले दहा टक्के आणि शासनाचा हिस्सा बाजारात गुंतवून जे हाती येईल त्यावर त्यांनी म्हातारपण काढायचे होते. म्हणजे रस्त्यावर उतरलेली माणसे मुख्यतः तिशी-चाळिशीतली होती, आणि ज्याला पेन्शन आधीच मिळते आहे त्या म्हाताऱ्याला तू विनाकारण झोडपले आहेस. हा झगडा दाखवायचा असेल, तर एकाच टेबलाशी दोन लिपिक बसव. एक ऑक्टोबर २००५ मध्ये लागलेला, दुसरा डिसेंबरात. काम तेच, वेतनश्रेणी तीच, साहेबांची बोलणी तीच. फक्त एकाच्या पगारपत्रकात भविष्य निर्वाह निधीची वजावट आहे आणि दुसऱ्याच्या पगारपत्रकात नव्या पेन्शन योजनेच्या अंशदानाची. पुढे जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती त्यांना जुन्या योजनेचा पर्याय दिला, तेव्हा जाहिरातीच्या तारखेवर माणसाचे म्हातारपण ठरू लागले. पिढ्यांमधली भिंत कुठे आणि कोणी बांधली, हे या एका प्रसंगातून प्रेक्षकाला कळेल.

संपाच्याच दिवसांत कोल्हापुरात बेरोजगार तरुणांनी संपाविरुद्ध मोर्चा काढला आणि आम्ही निम्म्या पगारात काम करायला तयार आहोत, असे सांगितले. त्यांना तू दोन ओळींत आटोपले आहेस, ते मला खटकले. पुण्यातल्या अभ्यासिकेत ऐन उमेदीची वर्षे घालवणाऱ्या, निघेल न निघेल अशा जाहिरातीकडे डोळे लावून बसलेल्या मुलाचा हा संताप खरा आहे. उद्या त्याला नोकरी लागली तर तोही नव्या योजनेतच जाणार आहे, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तो घोषणा देतो ते त्याच्याच रांगेत पुढे उभे आहेत. त्याच वर्षी शासनाने खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय काढला आणि ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. हा मुलगा आणि तो संपकरी यांना एकमेकांवर सोडून देण्यात कोणाचा फायदा होता, हा प्रश्न शिपायाने राजाला विचारलाच पाहिजे.

हसू तिकडे वळव. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन दिल्यास १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, म्हणून ती देणार नाही, असे सांगितले. थोड्याच दिवसांत शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या निवडणुका झाल्या, आणि मग त्याच सरकारचा सूर मवाळ झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ठरावीक निवृत्तिवेतनाची हमी देणारी एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली, तर दुसऱ्याच दिवशी राज्याने ती स्वीकारली. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. मात्र एकाच पक्षाला धारेवर धरू नकोस. २००५ चा निर्णय काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारचा होता. आणि एका मुदतीसाठी निवडून आलेल्या माजी आमदाराला दरमहा ५० हजार रुपये निवृत्तिवेतन मिळते, त्या वेळी तिजोरीची चिंता कोणत्याच बाकावरून फारशी ऐकू येत नाही.

बोजा मात्र खोटा नाही, हेही लिही. जुन्या योजनेकडे परतणाऱ्या राज्यांना रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या सुरुवातीलाच सावध केले होते, कारण आजचे आश्वासन फेडणारे हात आज शाळेत आहेत. संपकऱ्याच्या बाजूने उभे राहायचे म्हणून हा हिशेब लपवलास, तर समोर बसलेला तरुण तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

तुझ्या खर्ड्यात ज्याला जागाच नाही, तो म्हातारा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खासगी कंपन्या आणि महामंडळांतल्या कामगारांसाठी असलेल्या 'कर्मचारी पेन्शन योजना १९९५' मध्ये किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून दरमहा १ हजार रुपयांवर थांबलेले आहे. एसटीचे निवृत्त कर्मचारी याच योजनेत येतात. आयुष्यभर तिकिटे फाडणाऱ्या वाहकाला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि झिजलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेत नाही. जिवंत माणूस समोर उभा असताना त्याच्याकडे जिवंतपणाचा पुरावा मागणारी व्यवस्था, हा प्रवेश तू लिहिलास तर बाबूच्या ढेरीवरच्या सगळ्या कोट्या आपोआप गळून पडतील.

उत्तरार्ध पुन्हा लिही. आकडा आणि तारीख जिथे येईल तिथे समासात आधार नोंदव, म्हणजे प्रयोगानंतर कोणी जाब विचारला तर अडखळायला नको. तालमी सुरू करण्याआधी नोव्हेंबरात एखाद्या बँकेत दाखल्यांच्या रांगेजवळ सकाळभर बसून ये आणि तिथले बोलणे कानात साठव. नवा खर्डा दिवाळीनंतर पाठवलास तरी चालेल.

तुझा स्नेहांकित