ऑटिझम असलेल्या मुलाला रोजच्या चांगल्या सवयी धाकाशिवाय लागतात का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा सहा वर्षांचा आहे, ऑटिझमचं निदान झालंय, दात घासताना आणि झोपताना रोज रडारड होते, जेवणात वरणभात सोडून काही चालत नाही आणि घरचे म्हणतात, 'धाक नाही म्हणून असं होतं.' बाकीच्या गोष्टींकडे येतो, पण हे शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. धाकाने यातली एकही सवय लागत नाही. लागल्यासारखी वाटली तरी धाक दाखवणारं माणूस घरात असेपर्यंतच टिकते.

माझी लेक आता अकरा वर्षांची आहे. आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो. तुमच्या मुलाच्या वयाची असताना ती ब्रश दिसला की ओठ घट्ट मिटून घ्यायची. त्या वर्षी मे महिन्यात माझी मोठी बहीण राहायला आली. ताई निवृत्त शिक्षिका, तिच्या हाताखालून निघालेली पोरं आजही रस्त्यात वाकून नमस्कार करतात. सकाळचा गोंधळ बघून तिने माझ्या बायकोला बाजूला केलं. 'वर्गात साठ-साठ पोरं सांभाळलीत मी, ही एक काय जड आहे?' म्हणाली. मोरीत पाट घेऊन बसली, लेकीला मांडीत दाबून धरलं, एका हातात तिची दोन्ही मनगटं आणि दुसऱ्या हाताने ब्रश. मी रात्रपाळी करून घरात शिरलो तेव्हा समोरच्या काकू दारात येऊन उभ्या होत्या, इतकी पोर किंचाळत होती. मी ताईच्या हातातून ब्रश काढून घेतला. त्यावरून आमचं जे वाजलं ते वाजलंच. ताई त्याच संध्याकाळी गिरगावला परत गेली.

पुढचे कित्येक महिने आम्ही त्या एका सकाळची किंमत मोजली. आधी फक्त ब्रश नको होता, आता चमचाही तोंडाजवळ नेला की ती मान फिरवायची. मोरीत पाऊल टाकेना, म्हणजे आंघोळही बंद. ब्रश उचलून वॉशिंग मशीनच्या मागे टाकून द्यायची. शेवटी दुधाच्या दोन दाढा किडल्या. खुर्चीवर बसून तोंड उघडणं शक्यच नव्हतं, त्यामुळे पूर्ण भूल देऊन काम करावं लागलं. 'दुधाचेच दात, पडणारच आहेत,' असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. दाढ दुखत असेल तर मूल खात नाही, झोपत नाही, आणि बोलता येत नसेल तर स्वतःच्या गालावर चापट्या मारून घेतं. मग सगळे म्हणतात, ऑटिझम वाढला.

आणि आज ताई दर गणपतीत पन्नास माणसांत सांगते, 'तेव्हा मी धरलं म्हणून आता घासते.' म्हणून खरं काय झालं ते इथे सविस्तर लिहितो.

आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे मुलांना रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या बाईंनी, सांगितलं, घरचा ब्रश आणि घरची पेस्ट घेऊन या. तिने पेस्ट बाजूला ठेवली आणि कोरडा ब्रश नुसता लेकीच्या समोर टेबलावर ठेवला. लेकीने तो स्वतः उचलला, तोंडात घातला आणि दाढांखाली चावत बसली, अगदी आवडीने. मग थेरपिस्टने पेस्टचं झाकण फक्त उघडलं. वास आल्याबरोबर ओठ मिटले. म्हणजे ब्रशचं काहीच नव्हतं. भांडण होतं पुदिन्याच्या पेस्टशी आणि तिच्या फेसाशी. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना चव, आवाज, स्पर्श आपल्यापेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतात. आपल्याला जे गार वाटतं ते तिच्या तोंडात ठेच्यासारखं झोंबत होतं. ठेचा जबरदस्तीने भरवला तर कोणतं मूल उद्या आनंदाने तोंड उघडेल?

मग आम्ही जागा बदलली. मोरीतली ट्यूबलाइट सारखी गुणगुणते, आम्हाला ते ऐकूही येत नव्हतं. आता ती खिडकीपाशी प्लास्टिकच्या स्टुलावर बसते, समोर बेस्टच्या बस वळताना दिसतात. आधी नुसत्या पाण्याने ब्रश, फक्त पुढचे दात. पुष्कळ दिवस तेवढंच. मग मुलांची, फळाच्या चवीची, कमी फेसाची फ्लोराईड पेस्ट, अगदी तांदळाच्या दाण्याएवढी. तुमच्या मुलाच्या वयाला वाटाण्याएवढी लागते, पण तिथे सावकाश पोचा. वर उजवीकडे दहा आकडे, डावीकडे दहा, खाली तसंच. दहा म्हटलं की हात थांबलाच पाहिजे, 'अजून थोडंसं' करायचं नाही. ती त्या दहावर विश्वास ठेवून बसलेली असते.

तिच्याच ब्रशचा, तिच्याच मगाचा, तिच्याच टॉवेलचा फोटो काढून कपाटावर वेल्क्रोने लावले आहेत. एक काम झालं की तो फोटो ती ओढून काढते आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकते. इंटरनेटवरची कार्टूनची चित्रं आम्हीही लावून बघितली, तिला त्यातला ब्रश हा तिचा ब्रश वाटतच नव्हता. आणि शिकवताना शेवटून सुरुवात केली. बाकी सगळं आम्ही करायचो, शेवटी ब्रश स्टँडमध्ये ठेवण्याचं काम तिचं. ते जमल्यावर चूळ तिची. असं मागे मागे सरकत गेलो. कोकणात गावी जाताना फोटोंचा डबा सामानात सगळ्यात आधी भरतो.

यात धरून ठेवल्याचा भाग कुठे आहे, ते ताईने मला दाखवावं.

हा वाद आमच्याच घरातला नाही. अमेरिकेत लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमचं वर्णन केलं. त्यानंतर कितीतरी वर्षं मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते की आईच्या थंड वागण्यामुळे मुलं अशी होतात. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४ साली ते पुराव्यानिशी खोडून काढलं. तो स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचा बाप होता. तिकडे आईला थंड म्हणाले, आपल्याकडे म्हणतात लाडावून ठेवलंय. बोट दोन्हीकडे आईबापाकडेच. माझ्या बायकोने हे फार ऐकलंय.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. झोप: या वयाला नऊ ते बारा तास हवी. मुंबईच्या एका खोलीत टीव्ही साडेदहापर्यंत चालू ठेवून मुलाने नऊला झोपावं ही अपेक्षा चूक आहे. आमच्याकडे नऊनंतर टीव्ही सगळ्यांसाठी बंद, आजोबांसाठीसुद्धा. झोपेत पाय फार झाडत असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं लोह तपासून घ्या. झोपेसाठी देतात ते मेलाटोनिन स्वतःच्या मनाने आणू नका.

जेवण: वरणभातात भाजी लपवू नका. एकदा पकडलं की वरणभातही जाईल. एका वेळी एकच गोष्ट बदला, वरण थोडं घट्ट, नाहीतर तूरडाळीत थोडी मूगडाळ. नवीन पदार्थ ताटाशेजारी वेगळ्या वाटीत, खायची सक्ती नाही. गहू आणि दूध बंद करा असं कोणी सांगेल, त्याने ऑटिझम कमी होतो याला भक्कम पुरावा नाही आणि आधीच मोजकं खाणाऱ्या पोराचे आणखी दोन घास कमी होतात. पोट साफ होतं का ते बघा. बद्धकोष्ठ या मुलांत खूप असतं आणि त्यानेही भूक मरते. संडासात पाय लटकते नकोत, पायाखाली छोटा स्टूल द्या.

व्यायाम: रोज तासभर अंग हलायला हवं. पावसाळ्यात मैदान बंद झालं की आम्ही बिल्डिंगचे जिने चढतो-उतरतो.

हे सगळं माझ्या लेकीचं आहे हेही सांगायला हवं. काही मुलांना उलट झणझणीत पुदिनाच आवडतो आणि मऊ ब्रश सहन होत नाही. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) मिथाइलफेनिडेट हे औषध चालू असेल तर भूक मरते, म्हणून गोळीच्या आधी भरपूर नाश्ता. फिट्स येत असतील तर अपुऱ्या झोपेने त्या वाढू शकतात, तिथे प्रयोग नकोत, डॉक्टर सांगतील तसंच. आणि एखादी सवय अचानक मोडली तर आधी दात, कान, पोट तपासा, शिस्तीचं नंतर बघू.

थेरपी परवडत नसेल तर पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत जा. देशातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा कमलाबाई निंबकरांनी १९५० साली आपल्या केईएममध्येच सुरू केली. दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं की नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय आरोग्य विम्याचा अर्ज करा, वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च बसतो.

घरच्यांना माझं हे उत्तर वाचून दाखवू नका, उपयोग होणार नाही. त्यांना थेरपीच्या एखाद्या सत्राला सोबत न्या आणि मागे खुर्चीत बसू द्या. ताईला मी किती विनवलं, ती आली नाही. तुमचे कदाचित येतील. जाताना घरचा ब्रश आणि घरची पेस्ट तेवढी पिशवीत टाका.