पाळलेला पग रात्रभर जोरजोरात घोरतो, झोपच लागत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की तुमचा पग चार वर्षांचा आहे, पलंगाच्या पायथ्याशी झोपतो आणि भेटेल तो माणूस "या जातीचे सगळेच घोरतात" असं सांगून मोकळा होतो. आमच्याकडेही पगच आहे, बंड्या. त्यामुळे तुमच्या जागरणाबद्दल पूर्ण सहानुभूती आहे, पण भेटणाऱ्यांचं म्हणणं मला पटत नाही. सगळेच घोरतात हे खरं, म्हणून त्यात काही बिघडलेलं नाही असं होत नाही.

पगचं थोबाड माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आखूड केलं. हाड आखूड झालं, पण आतला मऊ भाग त्या प्रमाणात कमी झाला नाही. नाकपुड्या म्हणजे नुसत्या चिरा, आणि टाळूचा मागचा मऊ भाग जास्त लांब असल्याने थेट श्वासाच्या वाटेवर लोंबतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडले की हवा त्या अरुंद फटीतून ओढून घ्यावी लागते आणि तो लोंबणारा भाग फडफडतो. आपल्याला ऐकू येतं ते हे. इंग्लिश बुलडॉगमध्ये हा प्रकार इतका ठळक दिसतो, की झोपेत श्वास अडकण्याच्या माणसांतल्या विकाराचा, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाचा, नैसर्गिक नमुना म्हणून १९८७ साली संशोधकांनी हीच जात निवडली होती.

म्हणून आवाज बंद कसा करायचा हे नंतर बघू. आधी एक-दोन रात्री, तसेही जागेच आहात तर, नीट ऐका. आवाज किती मोठा याला फारसा अर्थ नाही. आवाज थांबतो तेव्हा काय होतं ते बघा. घोरता घोरता एकदम शांतता, पोट हलतंय पण हवा आत जात नाही, आणि मग आचका देऊन तो दचकून उठतो, असं होत असेल तर श्वास अडकतोय. तो झोपतो कसा, तेही बघा. बंड्या रबरी चेंडू दातांत धरूनच झोपायचा. आलेगेले फोटो काढायचे, काय गोड म्हणायचे. व्हेटने ते फोटो बघितले आणि विचारलं, "चेंडू काढून घेतला तर झोपतो का?" नाही झोपायचा. तोंड उघडं राहावं, हवा जावी, म्हणून केलेली ती सोय होती. काही कुत्रे हनुवटी उंच कडेवर टेकवून झोपतात, काही बसल्या बसल्याच पेंगतात. तिघांचीही अडचण एकच.

गाढ, शांत झोपेत मिनिटाला श्वास साधारण तीसच्या आत असायला हवेत. छाती वर जाऊन खाली आली की एक. रोजच हा आकडा तीसच्या वर जात असेल तर दाखवून घ्या. थोडं चालून धाप लागणं, खाल्लेलं वर येणं, उन्हात कासावीस होणं हे सोबत असेल तर लवकर. आणि जीभ किंवा हिरड्या निळसर दिसल्या तर सकाळची वाट बघायची नाही, तसेच निघा. दवाखान्यात कुत्रा जागा असतो, तिथे तो घोरून दाखवत नाही. तेव्हा मोबाइलवर झोपेतला व्हिडिओ आवाजासकट घेऊन जा. पंखा बंद करून काढा, नाहीतर पंख्याचीच घरघर ऐकू येते.

बंड्याच्या नाकपुड्या रुंद करून टाळूचा लांबलेला भाग कापला. नंतर घशाला सूज येऊन श्वास अडू शकतो, म्हणून त्याला देखरेखीखाली ठेवलं होतं; या जातींना भूल देणंही जोखमीचं, त्यामुळे अनुभवी सर्जनच गाठावा. घोरणं पूर्ण गेलं का? नाही. पण आता चेंडू खेळायलाच लागतो.

प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही. वजनाचं मात्र प्रत्येकाला लागू आहे. मानेभोवती आणि घशाशी चरबी साठली की आधीच अरुंद असलेली वाट आणखी आवळते. बरगड्यांवरून हात फिरवा, फारसं न दाबता त्या बोटांना लागायला हव्यात. पगच्या बाबतीत घरातले सगळे गुपचूप काहीतरी भरवत असतात; दिवसाचा खाऊ सकाळीच एका डब्यात काढून ठेवा, डबा संपला की विषय संपला. गळ्यातला पट्टा फिरायला नेताना नको, छातीभोवती बसणारा हार्नेस घ्या.

एक धोक्याची गोष्ट. नाक मोकळं व्हावं म्हणून माणसांचे नाकात घालायचे थेंब कुत्र्याला घालू नका. त्यातली झायलोमेटाझोलिनसारखी औषधं कुत्र्याला विषारी आहेत. कापूर असलेले बाम आणि निलगिरीचं तेलही लांबच ठेवा.

लांब नाकाच्या कुत्र्याचा हिशोब वेगळा. आयुष्यभर न घोरलेला लॅब्राडॉर म्हातारपणी घोरू लागला आणि भुंकणं घोगरं झालं, तर स्वरयंत्राचा लकवा असू शकतो. एकाच नाकपुडीतून पाणी किंवा रक्त येत असेल तर अडकलेलं गवताचं कुसळ, वरच्या दाढेचं मूळ, बुरशी, गाठ, काहीही निघू शकतं.

आता तुमची झोप. उताणा झोपणारा कुत्रा जास्त घोरतो, म्हणून उंच काठाची गोल गादी द्या. त्यात ते आपोआप कुशीवर वळतात. खोली थंड असू द्या, जवळ कुणी सिगारेट ओढत नाही ना तेही बघा. श्वास अडकत नाही अशी खात्री करून घेतली असेल, तर गादी सरळ दुसऱ्या खोलीत हलवा. खात्री होईपर्यंत मात्र त्याला दाराआड कोंडू नका, कानात बोळे घालून झोपा. गादी एका रात्रीत हलवायची नाही. आधी पलंगापासून दूर, मग दारात, मग बाहेर. तिथे पोहोचल्यावर तो दार खरवडेल, केविलवाणा कुंईकुंई करेल. घोरणं परवडलं असं वाटून त्याला आत घेतलंत, की दुसऱ्या रात्री तो पुन्हा दाराशी हजर.