कर्ज फेडताना स्वतःला दोष देणं कसं थांबवायचं?

प्रश्न विचारणाऱ्याची परिस्थिती थोडक्यात अशी: हातात येणारा पगार ४६,०००, बदलापूरला भाड्याचं घर, नवरा-बायको आणि एक मूल. दोन क्रेडिट कार्डांवर १,४०,००० आणि ९०,००० बाकी. वडिलांच्या ऑपरेशनसाठी घेतलेल्या पर्सनल लोनचे २,८०,००० शिल्लक, हप्ता ९,४००. एका ॲपचं ४०,००० चं लोन, हप्ता ४,५००. साठवलेले ७०,००० एफ अँड ओमध्ये (शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांत) गेले आणि तेव्हापासून घरखर्च कार्डावर आला. बायकोला यातलं निम्मंच माहीत आहे. "रोज रात्री स्वतःला शिव्या देत झोपतो. मिनिमम कधीच चुकवलं नाही, तरी कर्ज वाढतंच आहे. माझ्यातच शिस्त नाही का?"

लोकांच्या कर्जाचे हिशोब मांडून द्यायचं माझं रोजचं काम आहे, म्हणून आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. कर्ज वाढतंय ते शिस्त नाही म्हणून नव्हे. कारण आकड्यांत आहे आणि ते कागदावर दाखवता येतं.

पहिल्या कार्डाचं स्टेटमेंट घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात महिन्याचा व्याजदर असतो. बहुतेक कार्डांवर तो ३.५ ते ३.७५ टक्के असतो, आपण ३.६ धरू. १,४०,००० वर महिन्याचं व्याज ५,०४०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९०७. एकूण ५,९४७. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली भरायलाच हवी अशी किमान रक्कम, साधारण बाकीच्या ५ टक्के, म्हणजे ७,०००. तुम्ही ७,००० भरता आणि बाकी कमी होते १,०५३ ने. दुसऱ्या कार्डावर ४,५०० भरता आणि कमी होतात ६७७. दोन्ही मिळून महिन्याला ११,५०० जातात, त्यातले ९,७७० व्याज आणि कर, मूळ रकमेला लागतात फक्त १,७३०.

आता घराकडे या. ४६,००० मधून लोनचे ९,४००, कार्डांचे ११,५००, ॲपचे ४,५०० आणि भाड्याचे ९,००० गेले की ११,६०० उरतात. किराणा, वीज, गॅस, लोकलचा पास आणि शाळा यांना तुमच्याच यादीप्रमाणे १४,००० लागतात. २,४०० कमी पडतात, म्हणून महिनाअखेरीला डी-मार्टच्या काउंटरवर कार्ड पुढे होतं. मागची बाकी पूर्ण भरलेली नसल्यामुळे बिनव्याजी मुदत संपलेली असते आणि त्या २,४०० वर खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. १,७३० उतरतात, २,४०० चढतात. कितीही शिस्तीचा माणूस या गणितात बसवला तरी त्याचं कर्ज वाढणारच. समजा त्याने एक रुपयाही नवा खर्च केला नाही आणि दर महिन्याला बाकीच्या ५ टक्के भरत राहिला, तरी बाकी निम्मी व्हायला साडेसात वर्षांहून जास्त लागतात.

या रविवारी सकाळी एक काम करा. रात्री करू नका, आणि रिकव्हरीचा (वसुलीचा) फोन येऊन गेल्यावर तर अजिबात नको. त्या वेळी मन प्रत्येक आकड्यात गुन्हा शोधतं. गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंट आणि पासबुक घेऊन वहीत तीन रकाने आखा: मी ठरवून केलेला खर्च, टाळता न येण्यासारखा खर्च, आणि व्याज-दंड-कर. प्रत्येक ओळ कुठल्यातरी एका रकान्यात टाका. वडिलांचं ऑपरेशन दुसऱ्यात जाईल, त्यावर वाद नको. तिसरा रकाना पाहून बहुतेक लोक गप्प होतात. तुमच्या आजच्या बाकीवर कार्डांचं व्याज आणि कर मिळून वर्षाला सुमारे १,१७,००० होतात. ज्या ७०,००० साठी तुम्ही रोज स्वतःला फाडून खाता, ते कार्डांच्या सात महिन्यांच्या व्याज-कराइतके आहेत.

ते ७०,००० पहिल्या रकान्यातच लिहा. खोडू नका. पण शेजारी हेही लिहा: शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि सरासरी तोटा सुमारे २ लाख होता. निर्णय तुमचा होता, पण तुम्ही एकटेच मूर्ख ठरलात हे खरं नाही. या बाबतीत पुढचं काम एकच: ब्रोकरच्या ॲपमध्ये जाऊन एफ अँड ओचा सेगमेंट (व्यवहाराचा तो विभाग) बंद करा. अपराधीपणाचा सगळ्यात महागडा परिणाम इथेच दिसतो. "माझ्यामुळे गेले, मीच परत मिळवून दाखवतो" असं म्हणत माणूस उसने घेऊन पुन्हा उतरतो. सेगमेंट बंद असला की रात्रीच्या त्या हुक्कीला वाव राहत नाही.

स्वतःला दोष देणं थांबवा असं मी केवळ मनाच्या शांतीसाठी सांगत नाही. त्या दोषाने निर्णय चुकतात आणि त्याचे पैसे पडतात. तुमच्याच बाबतीत कसे ते पाहा.

कार्डवाल्या बँकेला फोन करून थकीत रकमेचं हप्त्यांमध्ये रूपांतर मागा. दोन कार्डं, दोन वेगळ्या विनंत्या. तुम्ही मिनिमम चुकवलेलं नाही, म्हणून आज ते मिळण्याची शक्यता चांगली आहे. दोन-तीन महिने थकल्यावर तेच अवघड होतं. दर १८ टक्के धरू. २,३०,००० साठी २४ महिन्यांचा हप्ता येतो ११,४८३ आणि ३६ महिन्यांचा ८,३१५. कार्डावरच्या हप्त्यात व्याजावर जीएसटी लागतो, तो पहिल्या महिन्यात ६२१ असेल आणि पुढे कमी होत जाईल. एकदाची प्रोसेसिंग फी किती, तेही फोनवरच विचारा.

अपराधी वाटणारा माणूस इथे २४ महिने घेतो. लवकर सुटायचं असतं, थोडी शिक्षाही भोगायची असते. पण २४ महिन्यांच्या हप्त्यात बाकीचे हप्ते आणि भाडं वजा जाता घरासाठी १०,९९६ उरतात. ३,००० कमी पडतात, कार्ड पुन्हा बाहेर येतं, आणि चार महिन्यांनी हप्ताही चालू नि नवी बाकीही चालू. ३६ महिन्यांत एकूण व्याज सुमारे २३,७०० ने जास्त जातं हे खरं, पण पहिल्याच महिन्यात घरासाठी १४,१६४ उरतात. तुमचा खर्च १४,०००. जेमतेम, पण बसतं. माझं मत स्पष्ट आहे: ३६ घ्या, दोन्ही कार्डं ऑनलाइन खरेदीच्या ॲपमधून काढून टाका आणि कपाटात ठेवा. ॲपचं लोन साधारण दहा महिन्यांत संपेल, तेव्हा मोकळे होणारे ४,५०० कुठे घालायचे ते त्या वेळी ठरवता येईल.

अशीच चूक बोनसची. दिवाळीला २०-२५ हजार आले की सगळे लोनमध्ये भरून मन हलकं करायचा मोह होतो. भरू नका. आधी ते वेगळ्या खात्यात ठेवा. मूल तापाने आजारी पडलं किंवा शाळेने जूनमध्ये एकदम ८,००० मागितले की ते पुन्हा वर्षाला ४० टक्क्यांहून महाग असलेल्या कार्डावर जातात. हे राखीव पैसे साठले की मगच जादा भरणा. पर्सनल लोन बहुधा ठरावीक दराचं असतं, त्यात मुदतीआधी भरल्यास दंड आहे का ते करारात बघून घ्या.

घरात पडून असलेलं सोनं असेल तर त्यावरचं कर्ज कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. वर्षाला १२ टक्के धरले तरी २,३०,००० वर महिन्याचं व्याज २,३००, म्हणजे आजच्या ९,७७० च्या चौथा हिस्साही नाही. पण ते बायकोला न सांगता करायचं नाही. त्यातून फक्त आणखी एक गुपित तयार होईल. नोकरीच्या ठिकाणी सेवकांची पतपेढी असेल तर तिथला दरही विचारा. जामीनदार लागतील, त्यांना खरी परिस्थिती सांगूनच सही घ्या.

आता बायकोला सांगण्याबद्दल. निम्मं सांगणं हे न सांगण्यापेक्षा वाईट, कारण उरलेलं निम्मं बाहेर आलं की तिला कर्जापेक्षा त्या लपवण्याचा धक्का जास्त बसतो. एका पानावर चार कर्जं, बाकी, दर, हप्ता लिहा, खाली बेरीज लिहा: ५,५०,०००. पान तिच्या हातात द्या. मूल झोपल्यावर, दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना, आणि भांडणाच्या ओघात तर नक्कीच नाही. "आपल्यावर एकूण साडेपाच लाख आहेत. तुला मी कमी सांगितलं होतं. हा पूर्ण आकडा आहे, याच्या बाहेर काही नाही." एवढं पुरे. माफीचं लांबण लावलं की तिला तुमचं सांत्वन करत बसावं लागतं आणि तिचा राग आतच राहतो. ती चिडेल, दोन दिवस बोलणार नाही कदाचित. ते होऊ द्या. योजना मात्र पक्की करून तिच्यासमोर टाकू नका. किराण्यात कुठे वाचतं आणि कुठे वाचत नाही ते तिला तुमच्यापेक्षा जास्त कळतं.

बाकीच्या नातेवाइकांना आकडा सांगायची गरज नाही. लग्नसराईत "यंदा आहेर-बिहेर जमणार नाही, पण येणार नक्की" एवढं वाक्य चालतं.

रिकव्हरीचे फोन अजून आले नसतील, तरी माहिती असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही, चारचौघांत अपमान करता येत नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास देता येत नाही. फोनवरचा माणूस तुमच्या लाजेवरच काम करतो: "घेताना लाज वाटली नाही का?" असं विचारलं की अपराधी माणूस घाईने कबूल करतो, "उद्या १५,००० भरतो." मग ते भरायला दुसऱ्या ॲपवर जातो. उत्तर आधीच लिहून फोनजवळ ठेवा: "रक्कम मला मान्य आहे. ७ तारखेला पगार झाला की इतके भरीन. तुमचं नाव आणि एजन्सीचं नाव सांगा. पुढचं बोलणं ईमेलवर करू." खात्रीने भरता येईल त्याहून एक रुपयाही जास्त कबूल करू नका. त्रास थांबला नाही तर बँकेकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर ओम्बड्समनकडे (लोकपालाकडे). त्याला पैसे पडत नाहीत.

ॲपचं लोन कोणत्या बँकेचं किंवा एनबीएफसीचं (बँक नसलेल्या कर्ज कंपनीचं) आहे हे करारात पाहा आणि ते नाव रिझर्व्ह बँकेच्या यादीत तपासा. कर्जाच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो वाचायचा अधिकार नाही. तशी परवानगी दिली गेली असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ती आजच काढा. फोटो मॉर्फ करण्याची (बदलून अश्लील करण्याची) धमकी आली तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर तक्रार.

बिनतारण कर्ज थकणं हा स्वतःहून फौजदारी गुन्हा नाही. चेक किंवा ऑटो-डेबिट बाउन्स झालं तर मात्र कायदेशीर कारवाई होऊ शकते, म्हणून हप्त्याच्या आदल्या दिवशी खात्यात पैसे आहेत ना ते पाहत जा. पैसे पुरणार नसतील तर आधी घरभाडं-अन्न, मग ऑटो-डेबिटचे हप्ते, हा क्रम. आणि पुरणार नाहीत हे कळलं की बँकेला तारखेच्या आधी ईमेल करा.

रात्रीच्या त्या शिव्यांसाठी एक बांध घाला. आठवड्यातला एक वार आणि अर्धा तास हिशोबासाठी ठरवा. बाकीच्या दिवशी बाकी बघायची नाही. विचार आला तर कागदावर एक ओळ लिहून ठेवायची आणि त्या वारी वाचायची. त्यातल्या ज्या ओळीवर करण्यासारखं काही असेल, ते करायचं. "मी नालायक आहे" या ओळीवर करण्यासारखं काही नसतं, हे दोन-तीन आठवड्यांत स्वतःलाच दिसतं. आणि शिव्यांच्या पलीकडे जाऊन जगणंच नको असं वाटू लागलं, तर त्या वाराची वाट पाहू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. कर्ज आहे म्हणून तिथे फोन करायला संकोच नको, कर्जापायी बेजार झालेले लोक फोन करतातच.

एखाद्या महिन्यात सगळं बिघडेल. पाहुणे येतील, कोणाला दवाखान्यात न्यावं लागेल, कार्ड बाहेर काढावं लागेल. तेव्हा रक्कम आणि कारण वहीत लिहा, पुढच्या दोन महिन्यांत ती कशी भरायची ते ठरवा, आणि ३६ महिन्यांची योजना आहे तशी चालू ठेवा.

प्रत्येक कर्ज संपलं की नो ड्यूज पत्र (काही बाकी नाही असं पत्र) मागून घ्या आणि महिना-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट काढा. वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात "क्लोज्ड" (पूर्ण फेडलं) लिहिलेलं हवं, "सेटल्ड" (कमी रकमेत तडजोड केली) नको. दुसरं कार्ड नको असेल तर बाकी शून्य झाल्यावर लेखी बंद करायला सांगा: बँकेला ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद करावं लागतं, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात.