वाचकांचे प्रश्न : कर्करोग संशोधनातला पहिला पैसा

प्रश्न : माझी पत्नी तीन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाने गेली. तिच्या स्मरणार्थ दहा लाख रुपये एका कर्करोग रुग्णालयाला द्यावेत, असे मी आणि मुलांनी ठरवले आहे. चौकशीला गेलो, तेव्हा तेथील कार्यालयाने तीन पर्याय सांगितले : गरीब रुग्णांच्या औषधोपचारांचा निधी, एखादे यंत्र, किंवा तरुण संशोधकांसाठी ‘बीजनिधी’. पहिले दोन समजले, तिसरा नीट समजला नाही. संशोधन हे सरकारचे काम आहे, असे आमचे शेजारी म्हणतात. आपले मत काय? — एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपल्या पत्नीच्या निधनाबद्दल सहवेदना व्यक्त करतो आणि प्रथम शब्दाचा अर्थ सांगतो. रुग्णालयात नुकत्याच रुजू झालेल्या डॉक्टरला किंवा वैज्ञानिकाला स्वतःच्या पहिल्या प्रश्नावर एक-दोन वर्षे काम करता यावे, यासाठी दिलेली लहान रक्कम म्हणजे बीजनिधी. त्यातून औषध सापडावे अशी कोणाचीही अपेक्षा नसते. हा प्रश्न हाती घेण्याजोगा आहे का, पुरेसे रुग्ण मिळतील का, ते पुन्हा तपासणीला येतील का, ठरवलेली चाचणी आपल्या प्रयोगशाळेत नीट होते का, एवढेच त्यातून कळायचे असते. हे कळल्याखेरीज मोठे अनुदान मागता येत नाही, कारण मोठे अनुदान देणारी जवळजवळ प्रत्येक संस्था अर्जदाराकडे प्राथमिक निष्कर्ष मागते, आणि ते गोळा करायलाच पैसा लागतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी ही अडचण आहे. ज्येष्ठ डॉक्टरांपाशी जुन्या प्रकल्पांची नोंद, सहकारी आणि थोडीफार शिल्लक असते. तिशी-पस्तिशीतल्या डॉक्टरपाशी यांतले काहीच नसते.

रुग्णालयात याला आणखी एक पदर आहे. विद्यापीठातल्या संशोधकाचा दिवस निदान काही अंशी त्याच्या हातात असतो. कर्करोग रुग्णालयातल्या तरुण शल्यविशारदाचा दिवस मात्र ओपीडी, शस्त्रक्रिया आणि वॉर्ड यांत संपतो. त्यामुळे बीजनिधीचा सर्वांत मोलाचा भाग रसायनांवर किंवा उपकरणांवर खर्च होत नाही. तो माणसांवर खर्च होतो. रुग्णांच्या नोंदी ठेवणारी एक व्यक्ती, संमतिपत्र समजावून सांगणारी एक परिचारिका, संख्याशास्त्रज्ञाचे काही तास, आणि गावाहून पुन्हा तपासणीसाठी येणाऱ्या रुग्णाचे एसटीचे भाडे, असा तो खर्च असतो. देणगीदारांना हा खर्च रुचत नाही, कारण त्यावर पाटी लावता येत नाही. पाटीच्या मोहाने घेतलेले एक यंत्र चालवायला माणूस नाही म्हणून प्लास्टिकच्या वेष्टनात वर्षभर पडून राहिलेले मी स्वतः पाहिले आहे.

आपल्या शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. संशोधनाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा आणि आपल्याकडे तो पुष्कळसा सरकारच उचलते. पण सुरुवात नेहमी सरकारनेच केली, असे नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीच्या पैशातून उभे राहिले. १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम करून परतल्या आणि त्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची, प्रयोगशाळा उभारली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध आपल्या देशात फार आधी ओळखणाऱ्यांत त्यांची गणना होते. परतलेल्या एका तरुण संशोधिकेला जागा, साधने आणि काही वर्षांची मुभा देणारे कोणीतरी होते, हे त्या कामाच्या मुळाशी आहे.

स्तनाच्या कर्करोगाचेच एक अलीकडचे उदाहरण देतो. शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन हे भुलीचे साधे औषध टोचले तर काय होते, याची चाचणी टाटा स्मारकाच्या पुढाकाराने देशातील अकरा केंद्रांत १६०० स्त्रियांवर झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेले. हे काम ज्येष्ठांचे होते, त्याला दहाहून अधिक वर्षे लागली आणि ते बीजनिधीतून झालेले नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. तरीही ते मुद्दाम सांगतो, कारण इतक्या स्वस्त औषधावर कोणतीही कंपनी पैसे लावणार नाही. असे प्रश्न रुग्णालयातल्याच कोणाला तरी पडतात, आणि ते विचारण्याची सवय लागते ती पहिल्या लहान प्रकल्पात.

आता निवड. उद्या दारात येणाऱ्या रुग्णाचे औषध अडू नये, ही आपली इच्छा असेल तर रुग्णसाहाय्य निधीलाच द्यावे; त्यात कमीपणा काहीच नाही. संशोधनाला द्यायचे ठरले, तर दहा लाख ही रक्कम यंत्राच्या मानाने किरकोळ असली तरी बीजनिधीच्या मानाने चांगली आहे. तुलनेसाठी सांगतो, केंद्र सरकारच्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचे, नव्याने रुजू झालेल्या संशोधकांसाठी असलेले पंतप्रधान अर्ली करिअर अनुदान तीन वर्षांना ६० लाख रुपयांचे आहे. त्या अनुदानाच्या दारापर्यंत एक-दोन जणांना पोहोचवणे आपल्या रकमेत बसते. विषय आपण ‘स्तनाचा कर्करोग’ इतपतच ठरवावा, संशोधक मात्र निवड समितीला ठरवू द्यावा, आणि वर्षाअखेर एक साध्या मराठीतला अहवाल मागून घ्यावा. करसवलत कोणत्या कलमाखाली मिळेल, हे रुग्णालयाच्या नोंदणीवर अवलंबून असते. ते पावती घेण्याआधी आपल्या सनदी लेखापालांना विचारावे.

प्रश्न : मी मुखकर्करोगाची शल्यविशारद असून, गेल्या वर्षी एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयात रुजू झाले. आमच्याकडे यंदा प्रथमच तरुण डॉक्टरांसाठी संशोधन-बीजनिधी जाहीर झाला आहे. कल्पना भव्य असली तरच समितीवर छाप पडते, असे काही सहकारी सांगतात. प्रस्ताव कसा लिहावा? — एक वाचक, नागपूर

उत्तर : सहकाऱ्यांचा सल्ला मानू नये. बीजनिधीचे अर्ज नाकारले जाण्याचे माझ्या पाहण्यातले सर्वांत मोठे कारण कल्पनेची भव्यता हेच आहे. एका वर्षात, एका रुग्णालयात, ओपीडी सांभाळून जे होणे शक्य नाही, ते करू म्हणणाऱ्या अर्जावर अनुभवी परीक्षक पहिल्याच पानावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतात.

आपल्या विषयातले एक उदाहरण पाहा. तोंडाचा कर्करोग लवकरच्या अवस्थेत असेल, तर मानेतल्या गाठी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात की त्या वाढल्या तर नंतर काढाव्यात, हा प्रश्न तुम्हा शल्यविशारदांच्या चहाच्या गप्पांत अनेक वर्षे घोळत होता. टाटा स्मारकात डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयाच्याच निधीतून त्यावर चाचणी केली. २०१५ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत, गाठी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के आणि वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. प्रश्न एका वाक्यात मावणारा होता. उत्तराला मात्र दशक लागले. आपल्या अर्जातला प्रश्नही असाच एका वाक्यात मावला पाहिजे, आणि त्याचा जो तुकडा वर्षभरात हाती लागेल तेवढाच मागितला पाहिजे.

विदर्भात राहून प्रश्न शोधायला लांब जावे लागणार नाही. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाऊन तोंड उघडेनासे झालेले किती तरुण आपल्या ओपीडीत येतात आणि त्यांतले किती सहा महिन्यांनी पुन्हा दिसतात? जे येत नाहीत, त्यांना फोन केल्याने ते येतात की गावातल्या आशा कार्यकर्तीने सांगितल्याने? हा प्रश्न साधा वाटेल. पण याचे उत्तर हाती नसताना या रुग्णांवर पाच वर्षांची प्रतिबंधक चाचणी आखणे म्हणजे पाया न खणता माळा बांधणे होय. परीक्षकांना नेमके हेच हवे असते : महिन्याला किती रुग्ण मिळतात, त्यांतले किती संमती देतात, किती गळतात. गेल्या वर्षीच्या केसपेपरांवरून हे आकडे काढून अर्जाच्या पहिल्या पानावर मांडावेत.

खर्चाच्या तक्त्यात आपल्या स्वतःच्या वेळेची तरतूद आवर्जून करावी, आणि ती करताना संकोच बाळगू नये. आठवड्यातला एक दिवस शस्त्रक्रियेच्या यादीत आपले नाव नसेल, असे विभागप्रमुखांचे सहीनिशी पत्र अर्जाला जोडता आले, तर ते कोणत्याही शिफारसपत्राहून वजनदार ठरते. असे पत्र मिळत नसेल, तर निधी मिळूनही काम रखडेल, हे आधीच समजून असावे. संख्याशास्त्रज्ञाला अर्ज लिहिण्यापूर्वी भेटावे. आकडे गोळा झाल्यावर भेटणे म्हणजे वरात गेल्यावर घोडे आणण्यासारखे आहे.

नियमांचे थोडक्यात सांगतो. नैतिकता समितीची मान्यता आधी, काम नंतर. क्लिनिकल ट्रायल असेल, तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी ती भारतीय चाचणी नोंदणीत नोंदवावी लागते. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी स्वीकारत नाहीत. आधीच मान्यता असलेले औषध नव्या मात्रेत किंवा नव्या उपयोगासाठी केवळ शैक्षणिक हेतूने तपासायचे असेल, तर २०१९ च्या नियमांनुसार औषध नियंत्रकांची वेगळी परवानगी सहसा लागत नाही. मात्र त्यामुळे नैतिकता समितीची जबाबदारी वाढते. अशा मात्रेच्या प्रश्नातून काय निघू शकते, हे आपण वाचले असेलच : डोके-मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडे औषध नेहमीच्या मात्रेच्या दशांशाहून कमी, म्हणजे तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम, तोंडावाटे घ्यायच्या स्वस्त औषधांच्या जोडीने दिले असता, वर्षभर जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेल्याचे मुंबईच्या चाचणीत दिसले. हा प्रश्न सुचला तो रुग्णाची ऐपत समोर दिसत होती म्हणून.

पुढची पायरीही अर्जात दाखवावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची लहान अनुदाने दोन कोटी रुपयांपर्यंत असतात. टाटा स्मारक आणि राष्ट्रीय कर्करोग ग्रिड (देशातील कर्करोग रुग्णालयांचे जाळे) यांची ‘क्रेडो’ ही निवासी कार्यशाळा तरुण कर्करोगतज्ज्ञांकडून त्यांचा चाचणी-आराखडा जाणकारांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष लिहून घेते. तिथे कच्ची कल्पना नेली तरी चालते, आळस चालत नाही. पंतप्रधान अर्ली करिअर अनुदानाला ४२ वर्षांची वयोमर्यादा आणि नियमित नेमणुकीची अट आहे, हे ध्यानात ठेवून वर्षांचा हिशेब मांडावा.

प्रश्न : आमच्या शहरातल्या एका रुग्णालयाने तरुण डॉक्टरांना संशोधनासाठी दिलेल्या पैशातून काहीच निष्पन्न झाले नाही, असे कळते. हा रुग्णांच्या पैशाचा अपव्यय नव्हे काय? — एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘काहीच निष्पन्न झाले नाही’ याचे दोन अर्थ होतात आणि ते वेगळे केले पाहिजेत. प्रयोग नीट झाला आणि उत्तर ‘नाही’ आले, तर निधी कारणी लागला. पुढच्या दहा जणांचा तोच रस्ता वाचला. अट एवढीच, की ते ‘नाही’ प्रसिद्ध झाले पाहिजे, कपाटात राहता कामा नये. प्रयोग झालाच नाही, रुग्णच घेतले नाहीत, डॉक्टर दुसरीकडे निघून गेले आणि शिल्लक रक्कम कुठे गेली हे कोणाला सांगता येत नाही, असे असेल तर मात्र आपला राग रास्त आहे. बारकाईने चालवलेल्या योजनेत रक्कम हप्त्यांनी मिळते, दुसरा हप्ता प्रगती पाहूनच सुटतो, पैसा ठरल्या कामीच खर्च झाल्याचे विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते आणि न वापरलेला पैसा परत जमा होतो. आपण रुग्णालयाला एवढेच विचारावे, की किती प्रकल्पांना निधी दिला, किती पूर्ण झाले, आणि त्यांतल्या कितींचे निष्कर्ष, होकारार्थी वा नकारार्थी, प्रसिद्ध झाले. या तीन आकड्यांचे उत्तर जिथे आठवडाभरात मिळते, तिथली व्यवस्था सहसा ठीक असते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. आमच्या मंडळातील काहींना महाराष्ट्रातील एखाद्या कर्करोग रुग्णालयात तरुण संशोधकांसाठी दरवर्षी लहान निधी सुरू करायचा आहे. काय काळजी घ्यावी? — एक वाचक, अमेरिका

उत्तर : नमुना आपल्या शेजारीच आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटी संस्थांना एकगठ्ठा अनुदान देते आणि त्यातून कोणत्या नवख्या संशोधकाला किती द्यायचे, हे ती संस्था स्वतःच्या समितीमार्फत ठरवते. मंडळाने हीच पद्धत ठेवावी. प्रत्येक अर्ज न्यू जर्सीत बसून वाचू नये.

काळजी घ्यायची ती पैशाच्या वाटेची. आपल्यापैकी ज्यांचे नागरिकत्व अजून भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने पाठवलेली रक्कम परकीय देणगी गणली जात नाही. ज्यांनी अमेरिकी नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी, आणि मंडळ तिथे नोंदलेले असल्यास मंडळाची देणगीही, परकीय ठरते. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असल्याने यात फरक पडत नाही. अशी देणगी घेण्यासाठी विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयाकडे परकीय देणगी नियमन कायद्याखालची चालू नोंदणी असावी लागते, आणि ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेत उघडलेल्या ठरावीक खात्यातच आधी जमा व्हावी लागते. शिवाय ही रक्कम त्या रुग्णालयाला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही; म्हणून संशोधक ज्या संस्थेच्या नोकरीत आहे, तिच्याच नावे नोंदणी आहे ना, हे पहिल्या पत्रातच विचारून घ्यावे. दोन्ही प्रकारचे सभासद असतील, तर दोन वेगळ्या याद्या करून दोन वेगळ्या वाटांनी पैसे पाठवणे सोयीचे पडेल.