गेम संपला, आता करू काय?

प्रश्न: दादा, बाल्डर्स गेट ३ एकदाचा संपवला. कित्येक महिने रोज रात्री हाच गेम चालू होता. क्रेडिट्स आले तेव्हा भारी वाटलं आणि त्याच मिनिटाला पोटात खड्डाही पडला. आता दुसरा कुठलाही गेम लावला की लगेच बंद करतो आणि जुना सेव्ह लोड करून नुसता कॅम्पमध्ये, म्हणजे साथीदारांच्या तळावर, फिरत बसतो. मित्र हसतात. लगेच पहिल्यापासून सुरू करू का?

उत्तर: हसू दे रे त्यांना, त्यांनी बहुतेक एकही मोठा आरपीजी (एखादं पात्र बनून खेळायचा गोष्टीचा गेम) शेवटपर्यंत नेलेला नसणार. मला विचारशील तर हे स्टोरी संपल्याचं दुःख नाहीच, तसं असतं तर शेवट यूट्यूबवर बघूनही एवढंच वाटलं असतं ना. तुला सवय लागली होती ती लाँग रेस्ट (गेममधली रात्रीची विश्रांती) घेतला की कॅम्पमध्ये आज कोण काय नवीन बोलणार याची, आणि आता तुझी साथीदार शॅडोहार्ट, तिच्याकडे गेलास की ती तेच ठरलेलं वाक्य बोलते, तिथेच लागतं मनाला.

हे गेम बनवणाऱ्यांनाही कळतं बरं का. ऑगस्ट २०२३ मध्ये गेम आला तेव्हा शेवट फारच पटकन आटपायचा, मग नोव्हेंबरच्या पॅचमध्ये (अपडेटमध्ये) एपिलॉग, म्हणजे शेवटानंतरचा प्रसंग टाकला, गोष्ट संपल्यावर सहा महिन्यांनी कॅम्पमधला विदर्स सगळ्यांना पार्टीला बोलावतो तो. तो घाईत उरकला असशील तर त्याच्या आधीचा सेव्ह काढ आणि एकेकाशी निवांत बोल, कॅम्पात फिरण्यापेक्षा ते बरं. फॉलआउट ३ (२००८) हा दुसरा आरपीजी तर मेन स्टोरी संपली की सरळ बंदच व्हायचा, लोक वैतागले, मग २००९ मध्ये ब्रोकन स्टील हा त्याचा जोडभाग आल्यावर पुढे खेळता यायला लागलं. पण खरं सांगू, मेन क्वेस्ट संपल्यावर मोकळ्या मॅपवर भटकताना मला जास्तच भकास वाटतं, कुणाला आपली गरजच उरलेली नसते.

पुन्हा सुरू कर, पण आत्ता नको. तोच हिरो, त्याच निवडी केल्यास तर पहिल्या ॲक्टमध्येच कंटाळशील, कारण कोण खोटं बोलतंय ते तुला आधीच माहितीये. मध्ये एखादा छोटासा पझल गेम खेळ, ज्यात साथीदार नाहीत, डायलॉग नाही, जीव लावायला कुणीच नाही. मग बाल्डर्स गेटमध्ये डार्क अर्ज हा वेगळा हिरो घेऊन ये, त्यात बऱ्याच गोष्टी खरंच वेगळ्या घडतात. आणि या वेळी पोशन्स वापर बाबा, शेवटच्या फाइटसाठी म्हणून साठवून ठेवलेली सगळी तशीच बॅगेत राहिली असणार, माझी तर दर वेळी राहतात.